पसाऱ्यातला घरजावई

सूनबाईच्या घरात बिस्किटं कोण खातं, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. जावईबापू खात. डबा फ्रिजवर असे, फ्रिजशेजारी स्टूल असे आणि स्टुलावर जावईबापू असत. आणखी पुरावा तो काय हवा? त्यांच्या फ्लॅटची दुरुस्ती निघालेली, बायको कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेली, म्हणून 'चार दिवस' सासुरवाडीला आलेले जावईबापू आता घरातल्या पडद्यांइतके जुने झाले होते. त्यांच्या लॅपटॉपची वायर पुरेल असा प्लग घरात एकच, फ्रिजमागचा. म्हणून ते तिथे बसत. पण इतक्या खोलात शिरायला सवड कुणाला होती? सासूबाई रिकामा डबा हलवून बघत, स्टुलाकडे एक नजर टाकत आणि नुसतं "असो" म्हणत. त्या एका 'असो'त सुनावणी, निकाल आणि शिक्षा असं सगळं उरकलेलं असे.

घरात आणखी एक कोडं होतं, सासऱ्यांच्या रक्तातल्या साखरेचं. गोळ्या बदलल्या, पथ्य बदललं, एकदा तर डॉक्टरही बदलला, पण साखर आपली चढलेली ती चढलेलीच. सासूबाईंचं निदान पक्कं होतं. "काळजी. लेकीचा संसार असा लोंबकळत पडल्यावर बापाची साखर वाढेल नाहीतर काय होईल?" म्हणजे फिरून खापर स्टुलावरच.

सूनबाई या दोन्ही गोष्टी कानाआड करून रोज सकाळी कामावर जाई. तिचं काम होतं आकाशातल्या दीर्घिकांचं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वसाहती. त्यातल्या काहींत ताऱ्यांची बाळंतपणं अखंड चालू असतात, आणि अशा वसाहतींतून साध्या उजेडाबरोबर क्ष-किरणही येतात. ते नेमके सोडतं कोण, हे हुडकून काढायचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाई काळजीने म्हणाल्या होत्या, "एक्स-रे? कुणाचं हाड मोडलंय का?"

संशयित तीन प्रकारचे. एक, मधल्या जागेतला तापलेला वायू. दोन, स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष. आणि तीन, जोडपी. एक भलाथोरला तारा आणि त्याला चिकटून बसलेलं एखादं कृष्णविवर. हे कृष्णविवर स्वतः काडीचं काम करत नाही. शेजारच्या ताऱ्याच्या अंगावरचं ओरपत बसतं, आणि ओरपलेलं त्याच्या घशाखाली उतरता उतरता इतकं तापतं, की त्यातून क्ष-किरण फुटतात. सूनबाईच्या दीर्घिकेला ऑफिसात सगळे 'पसारा' म्हणत, कारण तिला ना आकार होता ना शिस्त. या पसाऱ्यातला सगळ्यात ठळक ठिपका एका तरुण ताऱ्यांच्या घोळक्याच्या बरोब्बर मधोमध बसलेला सूनबाईला सापडला. असा दांडगा खाणारा आजवर कुणी पाहिला नव्हता. त्याचं नाव तिने 'घरजावई' ठेवलं. घरचा राग माणूस कुठेतरी काढणारच.

एकच कुसळ खुपत होतं. अशा वसाहतींचा एक रूढ हिशोब असतो: जितकी बाळंतपणं, तितके क्ष-किरण. पसाऱ्याचे क्ष-किरण त्या मानाने दुप्पट भरत. पण सूनबाईने त्यालाही उत्तर शोधलं होतं. घरजावईच असामान्य आहे म्हटल्यावर हिशोब बिघडणारच. उलट हिशोब बिघडतो, हाच तो असामान्य असल्याचा पुरावा.

आणि आता गोष्ट आकाशापुरती उरली नव्हती. सूनबाईची नोकरी दर वर्षी संपणारी आणि दर वर्षी कुणाच्या तरी कृपेने पुढे ढकलली जाणारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निवड समितीपुढे तिचं व्याख्यान होतं. घरजावई पसंत पडला, तर नोकरी कायम. नाही पडला, तर बिऱ्हाड पाठीवर टाकून कुठल्यातरी परक्या गावी अर्ज करत हिंडायचं. सासूबाईंनी तर इमारतीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर सांगून ठेवलं होतं, की आमच्या सुनेने तारा खाणारा पकडलाय आणि उद्या त्याबद्दल तिला कायम करणार आहेत.

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी चहाच्या यंत्रापाशी शंकासूर उभा होता. शेजारच्या टेबलावरचा हा सहकारी. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. त्याला कुणी 'सुप्रभात' म्हटलं, तर तो आधी खिडकीबाहेर बघून घेई.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"पसाऱ्याचे दोन फोटो तू एकमेकांवर कसे बसवलेस?"

सूनबाईने उसासा सोडला. हे प्राथमिक होतं. क्ष-किरणांचा फोटो एका दुर्बिणीचा, साध्या उजेडाचा दुसरीचा, आणि दोघींचा नेम कधी तंतोतंत जुळत नाही. मग दोन्ही फोटोंत दिसणाऱ्या ओळखीच्या खुणा धरायच्या, आणि त्या एकमेकींवर येईपर्यंत एक फोटो दुसऱ्यावर सरकवत राहायचं.

"खुणांवरून," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"होत्या त्या. चार-पाच अंधुक, आणि..."

"आणि?"

सूनबाईने चहाचा घोट घेतला. "आणि घरजावई."

"म्हणजे घरजावई ताऱ्यांच्या घोळक्यात बसलाय असं धरून तू फोटो बसवलास," शंकासूर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आणि फोटो बसल्यावर तुला काय दिसलं?"

"की घरजावई ताऱ्यांच्या घोळक्यात बसलाय."

"जुळलं की छान."

"बाकीच्या खुणाही होत्या ना."

"होत्या. पण गणितात एकेक मत मोजलं, की वजन?"

"वजन," सूनबाई म्हणाली. "जो ठळक, त्याचं जास्त."

"म्हणजे बैठक सगळ्यांची भरली, पण बोलले एकटे जावईच." शंकासुराने कप ठेवला. "मला नुसती शंका आली. तसं बरोबरही असेल."

असं म्हणून तो गेला. आग लावून शेकायलासुद्धा न थांबणारी माणसं असतात, त्यातला तो.

सूनबाई जागेवर येऊन बसली. घरजावयाला खुणांच्या यादीतून काढलं आणि उरलेल्या अंधुक खुणांच्या आधाराने फोटो पुन्हा बसवला. फोटो सरकला. फार नाही, उगीच जरासा. पण तेवढ्यानेच घरजावई घोळक्यातून उठला आणि शेजारच्या एका तांबूस डागावर जाऊन बसला. तो डाग तिला चांगला ठाऊक होता. गेले कित्येक महिने त्याच्याकडे ती पाहुण्यांच्या चपलांकडे बघावं तसं बघत आली होती.

डागाचं मोजमाप दुसऱ्याच कुठल्या गटाने केव्हाच करून ठेवलं होतं, ते तिने उघडलं. तो डाग पसाऱ्यातला नव्हताच. ती मागची, कल्पनेपलीकडे लांबची एक स्वतंत्र दीर्घिका होती. तिच्या पोटात एक राक्षसी कृष्णविवर बसलं होतं, आणि ते आपल्या घरचंच खात होतं. पसाऱ्याशी त्याचा संबंध एवढाच, की आपल्याकडून बघताना दोघं एका रेषेत येत.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिने कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंनी तिचे चांगले कपडे इस्त्री करून खुर्चीवर टांगले होते. फ्रिजपाशी जावईबापू मान खाली घालून टाइप करत होते. सासूबाईंनी डबा हलवला, आणि म्हणाल्या, "असो."

सकाळी सूनबाई थेट मोठ्या सरांच्या खोलीत गेली. मोठे सर विभागप्रमुख होते. त्यांनी तिच्या व्याख्यानाच्या पहिल्या पानावर स्वतः सांगून एक चित्र काढून घेतलं होतं: ढेरपोट्या, मिशाळ जावई पुढ्यात भलं मोठं ताट घेऊन बसलेला. चित्रावर ते फार खूश होते.

तिने सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. बातमी त्याने सुधारली नाही.

"किती सरकला म्हणालीस?"

"थोडासाच, सर."

"थोडासाच ना? मग झालं."

"तो थोडासा पुरला. घोळक्यातून उठून डागावर गेला."

"असा कितीसा लांब आहे हा डाग?"

"त्याच्या मानाने पसारा म्हणजे आपल्या दारातली पायरी."

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता. माणसं वाचवायची त्यांची एक पद्धत होती, एवढंच. "ऐक. तू आज मोघम बोल. घरजावई आहे असंही म्हणू नको, नाही असंही म्हणू नको. 'अधिक अभ्यास चालू आहे' म्हण. मोघम बोलूनच मी या खुर्चीपर्यंत आलोय. आधी नेमणूक, मग दुरुस्ती."

सूनबाईला मोह झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. तिच्या डोळ्यांपुढे इमारतीचा अख्खा जिना मजल्यामजल्याने येऊन गेला. पण ती म्हणाली, "सर, दुरुस्तीचं नाव काढून जे चार दिवसांसाठी ठेवून घेतात, ते मग हलत नाही. मला घरचा अनुभव आहे."

"पण ते चित्र..."

"चित्र राहू द्या. चित्राचा उपयोग आहे."

समितीत चार डोकी होती, पण सगळ्यांचं लक्ष बाहेरून आलेल्या एका ठेंगण्या बाईंकडे होतं. या पाहुण्या बाई व्याख्यानभर हातरुमालाच्या घड्या घालत बसत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत. त्या एका प्रश्नानंतर काहीजणांनी खगोलशास्त्र सोडून शाळा काढल्याचं सांगत.

पहिलं पान पडद्यावर आलं. मिशाळ जावई, ताट. समिती हसली. मोठे सर हसले, पण दात दुखत असल्यासारखे.

"हे आमचे घरजावई," सूनबाई म्हणाली. "पसाऱ्यातले निम्मे क्ष-किरण मी यांच्या नावावर मांडून ठेवले होते. कारण मला हे त्या जागेवर बसलेले दिसले. आणि ते त्या जागेवर बसलेले दिसले, कारण नकाशा मी यांच्याच भरवशावर बसवला होता. काल दुपारपर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आज मी इथे यांना निर्दोष सोडायला आले आहे."

मागच्या रांगेत शंकासूर खुर्चीत इतका खाली घसरला, की त्याचे नुसते गुडघे उरले. सूनबाईने फोटो आधीचा दाखवला, सरकलेला दाखवला, डाग दाखवला, डागाचं अंतर सांगितलं. पाव तासात व्याख्यान संपलं. महिनोन्महिन्यांची कीर्ती खोडायला एवढाच वेळ लागतो.

पाहुण्या बाईंनी रुमालाची शेवटची घडी घातली. "मग तुमच्या पसाऱ्याचा हिशोब?"

हे गणित सूनबाईने केलंच नव्हतं. डागाच्या मागे धावता धावता पसारा बाजूलाच राहिला होता. ती फळ्याकडे वळली. एकूण क्ष-किरण लिहिले, त्यातून घरजावयाच्या नावचे वजा केले, आणि उरलेला आकडा पसाऱ्यातल्या बाळंतपणांच्या आकड्यापुढे ठेवला. बसला. इतका अचूक बसला, की तिला स्वतःचाच राग आला. हा दुपटीचा वाढावा इतके दिवस तिच्या कानाशी ओरडत होता, की तुझ्या घरात कुणी बाहेरचं मोजलं जातंय. आणि तिने त्यालाच घरजावयाच्या कर्तबगारीचं प्रमाणपत्र ठरवलं होतं.

"बसतो," ती म्हणाली. "बाकीची जोडपी आहेत, लहान लहान. थोडा तापलेला वायू आहे. सगळे मिळून जितके व्हायला हवेत तितकेच."

"म्हणजे तुमची दीर्घिका अगदी सर्वसाधारण निघाली."

"हो."

"मला सगळीकडे असामान्य गोष्टी बघायलाच बोलावतात," पाहुण्या बाई रुमाल पर्समध्ये ठेवत म्हणाल्या. "त्यातल्या निम्म्या अशाच सरकलेल्या असतात. सांगत मात्र कुणी नाही."

दुपारी निकाल कळला. कायम नाही. सर्वसाधारण दीर्घिकेसाठी कुणाला कायम करण्याची रीत नाही, असं समितीचं म्हणणं पडलं. पण आणखी तीन वर्षांची मुदत मिळाली, आणि काम ठरवून मिळालं: इतरांच्या दीर्घिकांत असे किती घरजावई खोटेच बसवलेत, ते शोधायचं. म्हणजे पोटापाण्याची सोय झाली आणि शत्रूंचीही. मोठे सर म्हणाले, "मोघम बोलली असतीस तर आज पेढ्यांचा दिवस होता." पण जाताना त्यांनी ते मिशाळ चित्र स्वतःच्या खोलीत लावायला मागून घेतलं.

रात्री जेवायला सगळे टेबलाभोवती बसले. सूनबाईचा नवरा होता, सासूसासरे होते, जावईबापू आपलं स्टूल ओढून घेऊन बसले होते. सासूबाईंनी पहिला घाससुद्धा घेतला नव्हता.

"झालीस कायम?"

"नाही, आई. तीन वर्षांची मुदत मिळाली."

"का पण? तो खाणारा पकडलास ना?"

"पकडला तो खाणारा नव्हताच."

सासूबाईंनी हात आखडला. सबंध जिना त्यांच्याही डोळ्यांपुढे आला असावा. "मग खात कोण होतं?"

सूनबाई दमली होती आणि तिच्या डोक्यात आकाशाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. "मागचा," ती म्हणाली. "दोघं एका रेषेत होते. पुढची जागा उजेडातली, म्हणून नाव तिथलं झालं. मागचा लांब अंधारात बसून निवांत खात होता. त्याच्यावर कुणाची नजरच गेली नाही. आणि आई, हिशोब तर आधीपासूनच चुकत होता. इतकं वाढलेलं दिसत होतं, ते पुढच्या एकट्याने होणं शक्यच नव्हतं. तरी मी आपली त्याच्याच नावावर ढकलत राहिले."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुणी जेवत नाहीये.

सासूबाईंना आजवर सुनेच्या शास्त्रातलं अक्षर कळलं नव्हतं. आज सगळं कळत होतं. त्यांची नजर जावईबापूंवरून निघाली, स्टुलाच्या नेहमीच्या जागेवर गेली, तिथून फ्रिजवरच्या डब्यावर चढली, आणि तशीच सरळ रेषेत फ्रिजपलीकडच्या गॅलरीच्या दारातून बाहेर पडून सासऱ्यांच्या आरामखुर्चीवर जाऊन टेकली. त्या खुर्चीत सासरे रोज दुपारी पेपर वाचत. खुर्चीतून उठून हात लांब केला, की डबा.

"काळजीने साखर वाढते म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला. "मला बुवा आकाशातलं काही समजत नाही."

"आकाशाचं कोण बोलतंय?"

नवऱ्याने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने ताटाकडे बघितलं. सासरे उठले, गॅलरीत गेले, आणि बराच वेळ आकाशाकडे पाठ करून उभे राहिले. डबा फ्रिजवरून सासूबाईंच्या कपाटात गेला, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

जेवणं आटोपल्यावर सूनबाई ताटं विसळत होती. जावईबापू फडकं घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"वहिनी, तुम्ही माझं फार नुकसान केलंत," ते हळूच म्हणाले.

"मी? भावजी, तुमच्यावरचा आळ गेला की."

"तोच तर." त्यांनी एक ताट पुसून ठेवलं. "मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. बाबा माझ्या खांद्यावरून हात घालून डबा काढायचे. मी मान खाली घालून टाइप करत बसायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? भाडं देत नाही, किराणा आणत नाही. म्हटलं, निदान आळ तरी घ्यावा. तेवढाच या घराला माझा उपयोग होता. आता कुठल्या तोंडाने राहू?" त्यांनी फडकं झटकलं. "उद्या कंत्राटदाराला फोन करतो."

सूनबाईला हसू आलं, पण आकड्यांची सवय अशी सहज सुटत नाही. "एक सांगा भावजी. तुम्ही एकही खाल्लं नाही?"

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "अगदी एकही नाही, असं नाही म्हणता येणार. घरात राहणारा माणूस जितकी खाईल तितकी. सर्वसाधारण."

"बसतो हिशोब," सूनबाई म्हणाली, आणि त्यांच्या हातात पुढचं ताट दिलं.